नवा कॉम्प्युटर आला आणि मशीन मुकं झालं: नऊ पिनी पोर्टचा बिघाड कसा शोधायचा

"कॉम्प्युटर नवीन घेतला, आणि आता मशीन प्रोग्रामच घेत नाही." वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपांतून मला येणाऱ्या फोनची सुरुवात बहुतेक वेळा अशीच असते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून हे फोन वाढले आहेत. अकाउंट्सवाल्यांनी सांगितलं म्हणून सगळे कॉम्प्युटर एकदम बदलले जातात. त्यातच कोपऱ्यातला, धूळ खात पडलेला, सीएनसी मशीनला, म्हणजे प्रोग्रामवर आपोआप धातू कापणाऱ्या मशीनला, प्रोग्राम पाठवणारा जुना डबाही जातो. नव्याला नऊ पिनी सिरियल पोर्ट नसतो. कोणीतरी बाजारातून यूएसबीची एक केबल आणतं, ती जोडतात, आणि मशीन गप्प बसतं.

दांडिया बाजारात राहणारे एक काका आहेत. कलाभवनात, म्हणजे इथल्या तंत्रशिक्षण संस्थेत, शिकलेले, मकरपुऱ्यात दोन मशिनांचं त्यांचं स्वतःचं वर्कशॉप. त्यांना कोणीतरी थेट कंट्रोलरच, म्हणजे मशीनचा मेंदूच, बदलायला सांगितलं होतं, खर्च काही लाखांत. मशीन धडधाकट होतं. बिघाड निघाला तो कॉम्प्युटर आणि मशीन यांच्या मधल्या दोन मीटरांत. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय, की आता सगळं क्रमाने लिहूनच काढतोय.

लक्षणं

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी कागदावर लिहा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

– मशीन वाट पाहत राहतं, पडद्याच्या कोपऱ्यात "एलएसके" लुकलुकत राहतं, पण एकही अक्षर येत नाही.
– फॅनुक कंपनीच्या जुन्या कंट्रोलरवर ०८५, ०८६ किंवा ०८७ नंबरचा अलार्म येतो.
– प्रोग्राम येतो, पण काही अक्षरं बरोबर आणि काही भलतीच.
– छोटा प्रोग्राम नीट जातो, मोठा मधेच अडकतो.
– सकाळी चालतं, चहाच्या सुट्टीनंतर चालत नाही.
– कॉम्प्युटरच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या नावावर पिवळा त्रिकोण दिसतो.

तीन अलार्मचे अर्थ वेगवेगळे आहेत. ०८५ म्हणजे अक्षरं आली पण वाचता आली नाहीत, तेव्हा दोन्हीकडच्या सेटिंगचा मेळ बघायचा. ०८६ म्हणजे समोरचं उपकरण तयार असल्याचा सिग्नल मशीनला मिळत नाही, तेव्हा केबलची जोडणी बघायची. ०८७ म्हणजे मशीनने "थांब" म्हटल्यावरही अक्षरं येतच राहिली. एवढ्यावरूनच अर्धी वाट सापडते.

वजनकाटा, ट्रक तोलायचा वे-ब्रिज किंवा लॅबमधलं जुनं मापनयंत्र सिरियल पोर्टवर असेल, तरी खालचं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

पहिलं: काल काय बदललं?

याला पैसे लागत नाहीत, आणि तरीही हे कोणी विचारत नाही. कॉम्प्युटर बदलला, विंडोजचं अपडेट आलं, की झाडूपोछा करताना केबल काढून दुसऱ्या यूएसबी भोकात घातली? मशीन वीस वर्षं तेच आहे. ते एका रात्रीत बिघडण्यापेक्षा आदल्या दिवशी हात लागलेली वस्तू बिघडण्याची शक्यता कितीतरी जास्त.

जुना कॉम्प्युटर अजून आवारात असेल, तर तो परत जोडून बघा. त्याच्यावर चालतंय? मग मशीन आणि मशीनची केबल दोन्ही निर्दोष सुटले. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो. काकांनाही मी तेच विचारलं, "काका, जुना कॉम्प्युटर कुठाय?" ते म्हणाले, "शनिवारी भंगारात दिला रे." कॉम्प्युटरचं सोडा, त्याच्यात मशीनची सगळी सेटिंग होती.

दुसरं: कनेक्टर

आधी मशीन आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करा, मगच केबल काढा-घाला. यूएसबीची सवय झालेली मुलं चालू मशीनमध्येच ती खुपसतात. सिरियल पोर्टला ते चालत नाही. मशीनचं अर्थिंग आणि कॉम्प्युटरचं अर्थिंग यांत फरक असेल, तर तो फरक सिग्नलच्या तारेतून वाट काढतो आणि पोर्टची आयसी जळते. कॉम्प्युटरची जळली तर नवी केबल आणता येईल. मशीनच्या बोर्डावरची जळली तर काम महागात जातं.

मग पिना बघा. वाकलेली पिन, आत शिरलेला बर्र (धातूचा कण), कूलंटचा चिकट थर, यांतलं काही ना काही बऱ्याचदा सापडतं. बाजूचे दोन्ही स्क्रू आवळा. ते न आवळता केबल नुसती लटकवलेली असते, आणि स्पिंडलच्या थरथरीने हळूहळू बाहेर सरकते.

तिसरं: कॉमचा नंबर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये "पोर्ट्स" उघडा आणि केबलला कुठला नंबर मिळालाय ते बघा. पुष्कळ स्वस्त केबलना स्वतःची ओळख, म्हणजे सिरियल नंबर, नसतो. म्हणून तीच केबल शेजारच्या यूएसबी भोकात घातली की विंडोज ती नवी समजून नवा नंबर देतं. काल कॉम ३ होता, आज कॉम ७. तुमचं सॉफ्टवेअर मात्र कॉम ३ वरच पाठवत बसलंय.

त्यात आणखी एक खोच आहे. बरीच जुनी सॉफ्टवेअरं कॉम १ ते कॉम ४ एवढंच ओळखतात, आणि कॉम ९ च्या पुढचा नंबर तर पुष्कळांना उघडताच येत नाही. पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये "अॅडव्हान्स्ड" मध्ये जाऊन नंबर बदलता येतो. तिथे कॉम १ "वापरात" दिसला, तर बऱ्याच वेळा ती आधी कधीतरी लावलेल्या केबलची जुनी नोंद असते. "हिडन डिव्हाइसेस" दाखवायला सांगा आणि फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी काढून टाका.

नंबर ठरला की त्या यूएसबी भोकावर मार्करने खूण करा, आणि केबल तिथेच ठेवा.

चौथं: पिवळा त्रिकोण

हार्डवेअरचा सपोर्ट संपतो म्हणजे नेमकं काय होतं, ते इथे डोळ्यांनी दिसतं. यूएसबीच्या टोकात एक छोटी चिप असते, ती दोन भाषांमधली दुभाषी. पीएल २३०३ या घराण्यातल्या जुन्या एचएक्सए चिपा २०१२ पासून बंद आहेत. विंडोज ११ मध्ये त्या लावल्या की नवा ड्रायव्हर नावाच्या जागीच दाखवतो, की ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. केबल तुटलेली नाही, चिप जळलेली नाही. नव्या ड्रायव्हरने तिला ओळख देणं थांबवलंय, इतकंच. नकली चिप असेल तर ती खरी नसल्याचा संदेश येतो.

जुना ड्रायव्हर शोधून बसवला की ती केबल पुन्हा चालते, हे खरं आहे. पण अपडेट येतं, नवा ड्रायव्हर परत बसतो, आणि ऐन कामाच्या दिवशी मशीन थांबतं. ज्या केबलवर रोजचं उत्पादन आहे तिथे हा उपाय मी करत नाही. तीन-चारशे रुपयांची केबल काढून टाका, एफटीडीआय कंपनीची खरी चिप असलेली घ्या. तिला त्याच्या तीन-चार पट पैसे पडतील. मशीन दोन तास उभं राहिलं तर त्याहून जास्त जातात, तुमचा तासाचा दर लावून बघा.

पाचवं: क्लिपची चाचणी

मला सर्वांत जास्त भरवसा याच चाचणीचा. खर्च एका कागदाच्या क्लिपचा.

मशीनकडची केबल काढा. यूएसबी केबलचं नऊ पिनी टोक हातात घ्या. पाचाची ओळ वर धरली की डावीकडून १, २, ३, ४, ५. क्लिप सरळ करा, यू आकारात वाकवा, आणि २ व ३ या दोन पिनांना एकदम टेकवा. दुसऱ्या कोणाला लागू देऊ नका. पुटीसारखा टर्मिनल प्रोग्राम उघडा, तुमचा कॉम नंबर द्या, फ्लो कंट्रोल "नन" ठेवा आणि कीबोर्डवर काहीही टाइप करा.

पिन ३ मधून कॉम्प्युटर बोलतो, पिन २ मधून ऐकतो. क्लिप लावली की त्याचं बोलणं त्यालाच ऐकू येतं, आणि टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटतं. क्लिप काढली की अक्षरं बंद. असं झालं, तर कॉम्प्युटर, ड्रायव्हर, चिप आणि केबलचं हे टोक सगळं ठीक आहे, पुढे जा. क्लिप लावूनही पडदा कोरा राहिला, तर मशीनकडे जाऊच नका. दोष अजून टेबलावरच आहे.

या चाचणीत सेटिंग कळत नाही, कारण दोन्ही बाजूंना एकच कॉम्प्युटर असतो. व्होल्टेज पुरेसं आहे का, तेही कळत नाही.

सहावं: चार आकडे

बॉड रेट (पाठवण्याचा वेग), डेटा बिट (एका अक्षराला किती बिट), पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट), स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण). हे चारही दोन्हीकडे एकसारखे हवेत. जुन्या सीएनसीवर ४८०० किंवा ९६००, सात बिट, ईव्हन पॅरिटी हे सर्रास आढळतं. नवी सॉफ्टवेअरं मात्र उघडतानाच आठ बिट आणि पॅरिटी नाही, असं धरून चालतात.

चूक कुठली, हे अक्षरंच सांगतात. बॉड रेट चुकला तर सगळाच कचरा येतो. पॅरिटी चुकली तर निम्मं बरोबर येतं, आणि माणूस त्यातच फसतो. मशीन सात बिट आणि ईव्हन पॅरिटीने पाठवतंय आणि कॉम्प्युटर आठ बिटांनी वाचतोय, असं समजा. ज्या अक्षराच्या बिटांत १ ची संख्या सम, ते जसंच्या तसं उमटतं. विषम असेल तर वरचा आठवा बिट लागतो आणि अक्षर बिघडतं. म्हणून ०, ३, ५, ६, ९ नीट दिसतात, आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी चित्रविचित्र खुणा. वाय आणि झेड बरोबर, एक्स मात्र बिघडलेला. पडद्यावर असं दिसलं की केबलला हात लावू नका, फक्त कॉम्प्युटरवर सात बिट आणि ईव्हन पॅरिटी करा.

काकांकडे हेच झालं होतं. नवी केबल चांगली होती, क्लिपची चाचणी पास झाली होती, पण चार आकडे कोणाला ठाऊक नव्हते. मशीनच्या पॅरामीटरमधून, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगमधून, ते काढता आले असते, पण आधी मी इलेक्ट्रिक पॅनेलच्या दाराची आतली बाजू बघितली. मशीन बसवणारे लोक तिथे लिहून जातात, असा अनुभव आहे. टॉर्च मारला तर राखाडी रंगावर फिकट पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ४८००, ७, ई, २. काकांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि म्हणाले, "हे माझंच अक्षर आहे." लिहून ठेवल्याचं ते स्वतःच विसरले होते. पाच मिनिटांत प्रोग्राम गेला.

प्रोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह आहे ना, तेही बघून घ्या. ते नसेल तर मशीनला प्रोग्रामची सुरुवात आणि शेवट नीट कळत नाही.

सातवं: मशीनकडची केबल

आता मल्टिमीटर लागतो. डीसी, २० व्होल्टची रेंज. सिरियल पोर्टचे नियम ठरवणारा आरएस २३२ हा ठराव १९६० चा आहे. त्यात शून्य म्हणजे +३ ते +१५ व्होल्ट, एक म्हणजे −३ ते −१५ व्होल्ट, आणि कोणी बोलत नसताना तार उणे बाजूला असते. तपासणी त्यावरच चालते.

मशीन चालू, आणि कॉम्प्युटरकडचं टोक मोकळं ठेवा. मोकळ्या टोकावर पिन ५ ला काळी प्रोब आणि पिन २ ला लाल. उणे पाच ते उणे बारा असं काही दिसलं, तर मशीनचा आवाज बरोबर तारेवर येतोय. तेच व्होल्टेज पिन ३ वर सापडलं, तर तारा उलट आहेत. म्हणजे सरळ केबलच्या जागी क्रॉस (बोलायच्या-ऐकायच्या तारांची अदलाबदल केलेली) किंवा क्रॉसच्या जागी सरळ, आणि दोघंही एकाच तारेवर बोलताहेत. कुठेच काही नसेल, तर केबल तुटली आहे किंवा मशीनचा पोर्ट गेला आहे.

मशीनकडचं टोक बहुधा पंचवीस पिनी असतं, आणि तिथल्या पिनांचे अर्थ वेगळे: २ बोलण्याची, ३ ऐकण्याची, ७ ग्राउंड. नऊ पिनी बाजूला ग्राउंड ५ वर आहे. हा फरक विसरून घरी केबल बनवली की ती चालत नाही. ०८६ चा अलार्म असेल, तर पंचवीस पिनी कनेक्टर उघडून आत ४ आणि ५ एकमेकांना, आणि ६, ८, २० एकत्र जोडलेले आहेत का ते बघा. या जोडणीमुळे मशीनला समोरचं उपकरण तयार आहे, असं कळतं. यांतला एक सोल्डर निघाला तरी तो अलार्म येतो.

केबल पंधरा मीटरच्या आत ठेवा, आणि मोटारच्या वायरींसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नका.

आठवं: चहानंतरचा आणि मोठ्या प्रोग्रामचा बिघाड

हे दोन्ही यूएसबीच्या स्वभावातून येतात. चहानंतर न चालणं म्हणजे विंडोजने वीज वाचवायला पोर्ट झोपवला. यूएसबी हबच्या प्रॉपर्टीजमधली वीज वाचवण्याची खूण काढा, पॉवर प्लॅनमधला "सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद करा. झालं.

मोठा प्रोग्राम अडकणं जरा खोलातलं आहे. मशीनची जागा भरली की ते "थांब" असं अक्षर पाठवतं, जागा झाली की "पाठव". खऱ्या सिरियल पोर्टवर कॉम्प्युटर जवळजवळ लगेच थांबतो. यूएसबीवर अक्षरं गठ्ठ्याने जातात, आणि "थांब" पोचेपर्यंत एक गठ्ठा निघालेला असतो. मग ०८७. सॉफ्टवेअरमध्ये एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे हीच "पाठव"-"थांब" ची पद्धत, चालू आहे ना बघा, पोर्टच्या अॅडव्हान्स्डमध्ये बफर कमीत कमी करा, एफटीडीआय असेल तर लेटन्सी (आलेली अक्षरं पुढे द्यायला चिप किती मिलिसेकंद थांबते ते) १६ वरून १ वर आणा, आणि तरीही नाही जमलं तर बॉड रेट उतरवा. मशीन कापत असताना प्रोग्राम तुकड्या-तुकड्याने पाठवत असाल, तर हे सगळं ठीक होईपर्यंत ते काम थांबवा. मधेच डेटा थांबला तर टूल जॉबमध्येच उभा राहतो.

नववं: खरा पोर्ट परत आणणं

यूएसबीने दमवलं, तर डेस्कटॉप घ्या, लॅपटॉपच्या मागे लागू नका. अनेक डेस्कटॉप मदरबोर्डांवर आजही सिरियल पोर्टचा दहा पिनांचा हेडर असतो, फक्त मागे भोक काढलेलं नसतं. बोर्डवर "कॉम" असं छापलेलं शोधा. तारेसकट ब्रॅकेट स्वस्तात मिळतो. घेताना एक गोष्ट बघा: या ब्रॅकेटच्या तारांच्या दोन वेगळ्या जोडण्या बाजारात आहेत आणि दिसायला दोन्ही सारख्याच. बसवल्यावर क्लिपची चाचणी करा, उमटलं नाही तर दुसऱ्या प्रकारचा ब्रॅकेट आणा. हेडर नसेल तर पीसीआय एक्सप्रेसचं सिरियल कार्ड. जुन्या कॉम्प्युटरमधलं पीसीआय कार्ड बहुतेक नव्या बोर्डांत बसणार नाही, खाचच वेगळी असते.

सॉफ्टवेअरच जुनं असेल, तर मात्र पोर्ट आणूनही भागत नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, आणि ६४-बिट विंडोजवर डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्राम चालतच नाहीत. नवं डीएनसी सॉफ्टवेअर (मशीनला प्रोग्राम पाठवणारं) घ्या, किंवा जुना कॉम्प्युटर त्या एका कामासाठी राखा. राखलात तर त्याला इंटरनेट देऊ नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. तेव्हापासून त्यांच्या सुरक्षेतली भोकं बुजवणारं कोणी नाही. पेन ड्राइव्ह लावायचा तर आधी दुसऱ्या, अँटिव्हायरस असलेल्या कॉम्प्युटरवर तपासून.

पोर्ट एकदा चालू झाला की त्याच दिवशी मशीनचे सगळे पॅरामीटर, ऑफसेट (टूलच्या मापांचे आकडे) आणि प्रोग्राम त्यातून बाहेर काढून ठेवा. जुन्या कंट्रोलरची ही माहिती बॅटरीवर जिवंत असते. बॅटरी गेली आणि पोर्टही बंद असला, तर ती परत कुठून आणायची? पोर्ट बंद पडण्याची खरी किंमत ही आहे, प्रोग्राम हाताने टाइप करावा लागतो तो त्रास त्यापुढे किरकोळ. काकांच्या दोन्ही मशिनांच्या फायली मी दोन पेन ड्राइव्हवर घेतल्या, आणि छापील प्रत त्यांनी पॅनेलच्या दारात त्या पेन्सिलीच्या ओळीखाली प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवली.

कुठे थांबायचं

क्लिपची चाचणी पास आहे, केबलवर व्होल्टेज तपासलं आहे, चारही आकडे जुळले आहेत, दुसऱ्या खात्रीच्या कॉम्प्युटरवरूनही जात नाही. इथे थांबा. आता संशय मशीनच्या बोर्डावर आहे. त्यासाठी कॅबिनेट उघडावं लागतं, आणि आत ४१५ व्होल्टचं थ्री फेज आहे. मेन स्विच बंद केल्यावरही सर्वो ड्राइव्हच्या (मोटारी चालवणाऱ्या युनिटच्या) कपॅसिटरमध्ये चार्ज काही वेळ राहतो. पॅनेलच्या दारावरचं लिखाण वाचायला दार उघडणं वेगळं, आत हात घालणं वेगळं. ते काम सीएनसी दुरुस्त करणाऱ्याचं.

बॅटरीचा अलार्म दिसत असेल तरी थांबा, आणि मशीन बंद करू नका. बहुतेक जुन्या फॅनुकवर मेमरीची बॅटरी मशीन चालू असतानाच बदलायची असते. बंद करून बदलली तर पॅरामीटर जातात. हे पहिल्यांदा करत असाल तर जाणकार माणूस शेजारी उभा असू द्या. पॅरामीटर लिहिण्याचं कुलूप उघडून "हे बदलून बघू" असंही कोणी करू नका.

तंत्रज्ञाला फोन करताना एवढं सांगा: कंट्रोलरचं मॉडेल, अलार्मचा नंबर, चारही आकडे, पिन २ आणि पिन ३ वर मोजलेलं व्होल्टेज, आणि क्लिपच्या चाचणीत अक्षर उमटलं की नाही. मग तो येताना बरोबर बोर्ड घेऊन येईल, नुसता बघायला म्हणून एक फेरी आणि दुरुस्तीला दुसरी, असं होणार नाही.